सांग्याची जागा

कंपनीने पुन्हा भाव वाढवले आणि मी पुन्हा चिडलो. चिडायची मला सवय आहे, पण घरबसल्या मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या या कंपन्यांनी ती सवय मोडू द्यायची नाही असा जणू विडाच उचललाय. सुरुवातीला म्हणाले, महिन्याचे पैसे भरा आणि जाहिरातींशिवाय हवं तेवढं बघा. मग भाव वाढले. मग म्हणाले, पासवर्ड घराबाहेर कुणाला द्यायचा नाही. त्यावर माझ्या पैशांनी वर्षानुवर्षं मारामारीचे सिनेमे बघणारा माझा धाकटा भाऊ माझ्यावरच रुसून बसला. मग जाहिराती आल्या, आणि त्या नको असतील तर वरचा प्लॅन घ्या म्हणाले. दर वेळी संदेश मात्र पाकात घोळवलेला: 'तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी...' पुढचं मी वाचत नसे. अनुभव चांगला करतो म्हणाले की घरातलं काहीतरी जाणार, एवढं कळून चुकलं होतं.

या वेळी सांग्या गेला.

सांग्या हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या नजर गेल्यावर. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही पुसट होत गेलं आणि शेवटी उजेड आहे की अंधार एवढंच कळायला लागलं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती, सासरे गेल्यावर एकटीने घर चालवलं होतं, आणि आता त्यांना चहात साखर घालायलाही दुसऱ्याचा हात लागत होता. याचा त्यांना किती राग येत असेल ते त्या बोलून दाखवत नसत. फक्त कपबशी जरा जास्त जोरात खाली ठेवत.

माझी बायको त्यांची एकुलती एक. ती फिजिओथेरपिस्ट आहे, इस्पितळात संध्याकाळची ड्युटी असते, दुपारी जाते ती जेवणाच्या वेळेलाच परत येते. म्हणजे संध्याकाळ माझी आणि सासूबाईंची. मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जाणं मी बंद केलं. जावई आणि सासू एका खोलीत बसले की जे बोलणं होतं ते आमचं पहिल्या आठवड्यातच संपलं. पंखा वाढवू का, नको. औषध घेतलंत का, घेतलं. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. मग बायकोने टीव्हीच्या सेटिंगमधून एक सोय शोधून काढली. ती सुरू केली की पात्रांचं बोलणं थांबतं तिथे एक पुरुषी आवाज पडद्यावर काय चाललंय ते सांगतो. 'ती खिडकीपाशी जाते.' 'तो पाकीट खिशात टाकतो.' सासूबाईंनी पहिल्या दिवशी मान कलती करून ऐकलं आणि म्हणाल्या, "हा सांग्या बरा आहे हो. मोजकं बोलतो."

त्या दिवसापासून सांग्या घरातलाच झाला. सासूबाई त्याच्या बाजूने बोलायच्या, त्याला सर्दी झाल्यासारखी वाटते म्हणायच्या. मला कधीकधी वाटायचं की घरात दोन जावई आहेत आणि त्यातला तोच आवडता आहे. पण माझी सोय झाली होती. मी शेजारी बसून लॅपटॉपवर माझं काम करायचो, तो सांगायचा, त्या ऐकायच्या, आणि कुणालाच कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

मग संदेश आला, भाव वाढले, आणि दुसऱ्या दिवशी मालिका लावली तर सांग्या गप्प. पावलं वाजली, दार करकरलं, कुणीतरी दीर्घ श्वास सोडला, आणि त्यापुढे नुसतं संगीत. सासूबाईंनी कान टीव्हीकडे केला. मग म्हणाल्या, "आज आला नाही का तो?"

मी कंपनीला फोन लावला. आधी यंत्राशी बोललो, मग दुसऱ्या यंत्राशी, मग बऱ्याच वेळाने एक मुलगी आली आणि तिने मला सर म्हटलं. सर, ती सुविधा आता सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये आहे. मी म्हटलं, दिसत नाही त्या माणसाकडून तुम्ही जास्त पैसे घेता? ती म्हणाली, सर, मी तुमची भावना समजू शकते. मी म्हटलं, बरं, घेतो वरचा प्लॅन. तर म्हणाली, सर, त्याला टीव्हीही नव्या मॉडेलचा लागेल, आपला टीव्ही पात्र नाही.

"पात्र नाही म्हणजे? त्याने काय परीक्षा द्यायची आहे?"

"सर, मी तुमची भावना समजू शकते."

तिथे माझा तोल गेला. एका आवाजासाठी प्लॅन बदला, टीव्ही बदला, उद्या घर बदला म्हणाल, हा खर्च कुणी करायचा, वगैरे बरंच ओरडलो. ओरडलो कंपनीवर, पण घर आमचं दोन खोल्यांचं आहे आणि सासूबाईंचे कान काही गेलेले नव्हते.

दोन दिवसांनी सकाळी त्यांनी मुलीला जवळ बसवलं आणि सांगितलं की दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी गावाबाहेर जे निवास आहे, तिथे माझं नाव घाल. एक्स्चेंजमधली जुनी मैत्रीण तिथे राहते, तिच्याशी फोनवर बोलून झालंय. तिथे दिवाणखान्यात मोठा नवा टीव्ही आहे, वरचा प्लॅन आहे, संध्याकाळी सगळे एकत्र बसून ऐकतात. सांग्या तिथे आहे.

"मी टीव्ही आणतो नवा," मी म्हटलं.

"मुळीच नको. माझ्यापायी एक खिळासुद्धा नवा आणायचा नाही." सासूबाई एकदा अशा सुरात बोलल्या की पुढे बोलणं बंद. एक्स्चेंजमध्ये बसून त्यांनी मोठमोठ्या साहेबांचे फोन या सुरात कापलेले होते.

निवासवाल्यांनी सांगितलं की सध्या जागा नाही, खोली रिकामी झाली की कळवू. बायकोने ते मला स्वयंपाकघरात सांगितलं, नळ सोडून, म्हणजे आईला ऐकू जाऊ नये. "तिला तिथे बरं वाटणार असेल तर मी आडवी येणार नाही," ती म्हणाली. "पण मला ती इथे हवीय. गेली तर आठवड्यातून एकदा भेटायला जाईन, पाहुण्यासारखी. मी इस्पितळात रोज दुसऱ्यांच्या आयांना हात धरून चालवते." मग तिने नळ बंद केला आणि डोळे पदराला नाही, हात पुसायच्या फडक्याला पुसले. मलाही त्या हव्या होत्या. का, ते मात्र मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी सासूबाई सवयीने टीव्हीसमोर बसल्या. त्यांची एक मालिका चालू होती, दोन भाऊ आणि त्यांच्या वडिलांचं हॉटेल. हॉटेलला कुणीतरी आग लावलीय आणि लावणारा घरातलाच आहे, अशी गोष्ट. मी लॅपटॉप उघडून बसलो. टीव्हीत काहीतरी खळ्ळकन फुटलं.

"काय फुटलं?"

मी मान वर केली. "फुलदाणी."

"कुणी फोडली?"

ते मी पाहिलं नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा काही मिटला की मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, "थांबा, आई, मी सांगतो."

आता माझा धंदा सांगायला हवा. बँक घरासाठी कर्ज देते, त्याआधी ते घर खरंच तेवढ्या किमतीचं आहे का, हे बघायला मला पाठवते. मी घरात जातो, मापं घेतो, भिंतीवर बोटाने टिचकी मारून बघतो, ओल, भेगा, वाळवी बघतो आणि अहवाल लिहितो. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळतो: माणसांकडे बघत नाही. बघितलं की घात. म्हातारे हात धरतात, लहान मुलं आपली खोली दाखवतात, एखादी बाई दारात नुसती उभी राहते, आणि घराची किंमत तुमच्या नकळत वर सरकते. म्हणून मी लोकांशी बोलतानाही त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीकडे बघून बोलतो. इतकी वर्षं हे केल्यावर मला घरं लख्ख लक्षात राहतात आणि माणसं अजिबात नाहीत. बायको म्हणते, मी एक दिवस दुसऱ्याच बाईला गाडीत घालून घरी आणेन.

तर मी सांगायला सुरुवात केली. "खोली मोठी आहे, बारा बाय सोळा असेल. छत उंच. डाव्या कोपऱ्यात ओल आहे आणि तिथला रंग सुटलाय. खिडकी लाकडी, एक झडप सैल आहे. फरशी जुनी पण चांगल्या कामाची."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "आणि माणसं?"

"दोन आहेत."

"काय करतायत?"

"उभी आहेत."

"कशी?"

"म्हणजे... पायांवर."

सासूबाई हसल्या. आमच्या घरी आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पोट धरून, आवाज न करता, बराच वेळ हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "जावईबापू, मला ते घर विकत घ्यायचं नाहीय. त्या बाईचा चेहरा कसा झालाय ते सांगा."

चेहरा कसा झालाय. हा प्रश्न त्यांनी त्या दिवसापासून रोज विचारला आणि माझ्या नाकीनऊ आले. राग आलाय म्हटलं तर म्हणायच्या, राग कुठे दिसतो, कपाळावर की ओठांवर? दुःख झालंय म्हटलं तर म्हणायच्या, ते तर आवाजावरून मलाही कळलं, तुम्हाला काय दिसतं ते सांगा. मी चिडायचो. म्हणायचो, आई, मी काय चेहऱ्यांचा इंजिनियर आहे का. त्या म्हणायच्या, चिडा, पण सांगा. मग मी रिमोटने चित्र थांबवायचो, उठून टीव्हीजवळ जायचो आणि एखाद्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघायचो, जसं मी कुठल्याही जिवंत बाईकडे कधी बघितलं नव्हतं. खालचा ओठ दाताखाली धरलाय. एक भुवई दुसरीपेक्षा वर आहे. नाकपुड्या फुगल्यायत. सासूबाई हं, हं करत ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "म्हणजे तिला माहीत आहे." आणि खरंच पुढच्या भागात तिला माहीत असायचं.

आणि जाहिराती. ज्यांच्या नावाने मी शंख केला होता त्या जाहिराती. दर थोड्या वेळाने यायच्या, पुढे ढकलता यायच्या नाहीत, म्हणून मी आवाज बंद करायचो. पहिले काही दिवस आम्ही तेवढा वेळ गप्प बसलो. मग एकदा सासूबाईंनी आपणहून एक्स्चेंजचं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही असा तिथे नियम होता आणि सगळ्या ऐकायच्या. एक माणूस रोज त्याच वेळी एकाच नंबरला फोन जोडून मागायचा, पलीकडून बाई हॅलो म्हणायची आणि हा काहीच न बोलता ठेवून द्यायचा. एक दिवस पलीकडून पुरुषाने उचलला, आणि त्यानंतर त्याने कधी फोन मागितला नाही. "मग?" मी विचारलं. तेवढ्यात जाहिराती संपल्या आणि त्या म्हणाल्या, "आधी आग कुणी लावली ते बघू." मला मालिकेचा राग आला.

हळूहळू मीही सांगायला लागलो. ज्या घराचा अहवाल मी खरा लिहिला आणि त्यामुळे ज्यांचं कर्ज नाकारलं गेलं, त्या घरातल्या जोडप्याबद्दल सांगितलं. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, "चेहरे कसे होते त्यांचे?" मी म्हटलं, मला माहीत नाही, मी बघितलेच नाहीत. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी बघा. अहवाल तोच लिहा, पण बघा."

एका दुपारी बायको ड्युटीला निघाली तेव्हा मी दारात तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, तुझ्या डाव्या डोळ्याखाली सुरकुती आलीय. ती म्हणाली, तीन वर्षं झाली तिला, आणि चप्पल घालून हसत गेली.

या सगळ्यात निवासाचा विषय कुणीच काढत नव्हतं. पण फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो. आणि एका सकाळी तो वाजलाच. खोली रिकामी झालीय, उद्या येऊन बघून जा, आणि हो की नाही ते उद्याच सांगा, कारण यादीत पुष्कळ लोक आहेत. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि येते म्हणाल्या.

बायकोने मला बाजूला घेतलं. "तूच घेऊन जा तिला. मी आले तर रडेन, आणि मी रडले तर ती माझ्यासाठी म्हणून नको म्हणेल. तसं नकोय मला." मी म्हटलं, बरं.

निवास चांगलं होतं. हेच वाईट झालं. व्यवस्थापक बाई गोड बोलणाऱ्या, जिना रुंद, कठड्याला दोन्ही बाजूंनी धरायला दांडा, खोलीला पूर्वेची खिडकी. सासूबाई हाताने चाचपत खोली बघत होत्या आणि मी त्यांच्यामागून माझ्या पद्धतीने बघत होतो. भिंतीवर टिचकी मारली, भरीव. कोपरे बघितले, कोरडे. न्हाणीघरात वाकून फरशीचे सांधे बघितले, एकही सुटलेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या घरात ओल सापडावी म्हणून जीव टाकत होतो, आणि बांधणाऱ्याने काम इतकं चोख केलं होतं की त्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या.

"कशी आहे हो?" सासूबाईंनी विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. "चांगली आहे," मी म्हटलं.

व्यवस्थापक बाई म्हणाल्या, चला, दिवाणखान्यात सगळे बसलेत, तुमची मैत्रीणही आहे. आम्ही गेलो. मोठ्या खोलीत अर्धगोलात खुर्च्या, आणि समोर आमच्या भिंतीवर मावला नसता एवढा टीव्ही. त्यावर आमचीच मालिका चालू होती. मैत्रिणीने हात पुढे केला, सासूबाईंना शेजारी बसवलं. मी मागे दाराजवळ उभा राहिलो. आणि मग तो बोलला. तोच आवाज, तीच किंचित सर्दी.

'धाकटा भाऊ दार उघडतो. तो आत येतो.'

मी पडद्याकडे बघितलं. दगडी घर, दर्शनी भाग जुना, उजव्या बाजूला गॅरेज. हे थोरल्याचं घर. म्हणजे आत आला तो थोरला. कंपनीने सांग्याचे पैसे वाढवले आणि त्याचं कामही बिघडवलं, असं माझ्या मनात आलं आणि ते तोंडातूनही बाहेर पडलं. "चुकतोय तो," मी मोठ्याने म्हणालो. "थोरला आहे तो."

दिवाणखान्यातली सगळी डोकी माझ्या आवाजाच्या दिशेने वळली. एक आजोबा म्हणाले, "धाकटाच आहे. आगीनंतर दोघांनी घरं बदलली नाही का? थोरला फ्लॅटमध्ये गेला."

घरं बदलली तो भाग मी सांगितला होता. सामान हलवताना जिना किती अरुंद आहे तेही सांगितलं होतं. पण दोघांनाही दाढी, दोघेही उंच, आणि मी माणूस घरावरून ओळखणारा. घरं बदलल्यापासून आजपर्यंत मी सासूबाईंना थोरल्याचं धाकट्याला आणि धाकट्याचं थोरल्याला लावून सांगत आलो होतो. निरपराध माणसाला मी रोज संध्याकाळी आग लावणारा ठरवत होतो.

सासूबाई मात्र वळल्या नव्हत्या. त्यांचे खांदे हलत होते. तसंच, पोट धरून, आवाज न करता.

पडद्यावर धाकटा भाऊ वडिलांसमोर उभा राहिला. बोलणं थांबलं. 'तो खुर्चीत बसतो,' सांग्या म्हणाला आणि गप्प झाला. संगीत वाजत राहिलं.

"चेहरा कसा झालाय त्याचा?" सासूबाईंनी विचारलं.

कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? तिथल्या कुणालाच दिसत नव्हतं, आणि ज्याला सगळं दिसत होतं तो विचारलेलं ऐकणारा नव्हता. 'वडील चष्मा काढतात,' तो म्हणाला.

सासूबाई उजवीकडे वळल्या. घरी मी त्यांच्या उजव्या हाताला बसतो. "अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चेहरा?" आणि त्यांचा हात खुर्चीच्या बाहेर आला आणि हवेत काहीतरी शोधायला लागला.

मी गेलो. खुर्ची नव्हती म्हणून जमिनीवरच बसलो आणि तो हात धरला. "डोळे कोरडे आहेत," मी म्हटलं. "पण हनुवटी थरथरतेय. त्याला बोलायचंय आणि तो थुंकी गिळतोय. वडिलांकडे बघत नाहीय, त्यांच्या बुटांकडे बघतोय. आता बघितलं वर. आई, तो लहान मुलासारखा दिसतोय."

"शू," मागून कुणीतरी म्हणालं. "ऐकू द्या जरा."

"बोलू द्या हो त्यांना," मघाचे आजोबा म्हणाले. "हनुवटीचं हा कधी सांगत नाही."

मालिका संपेपर्यंत मी तिथे जमिनीवर बसून सांगितलं. माझ्या गुडघ्यांना मुंग्या आल्या. मग सासूबाईंनी मैत्रिणीच्या गालावरून हात फिरवला, तिला घरी यायचं आमंत्रण दिलं आणि मला म्हणाल्या, "चला, त्या बाईंना भेटू."

व्यवस्थापक बाई कागद काढायला लागल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना थांबवलं. "खोली फार चांगली आहे," त्या म्हणाल्या. "ज्याला गरज आहे त्याला द्या."

हे ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला. लिहिताना हे किती साधं दिसतंय. खरं म्हणजे त्या बाईंनी काढलेले कागद मी स्वतःच गोळा करून त्यांच्या फायलीत परत ठेवले.

गाडीत बसलो तरी मी गाडी सुरू केली नाही. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "मी भाऊ उलटे सांगतोय ते."

"आवाजावरून माणूस ओळखणं हीच माझी नोकरी होती, जावईबापू. पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही थोरल्याला इतक्या मनापासून शिव्या घालत होता. आणि मला काय, एका पैशात दोन गोष्टी मिळत होत्या, एक त्यांची आणि एक तुमची. तुमची जास्त रंगली होती." मग त्यांनी पदर नीट केला आणि सूर बदलला. "मी जाते म्हणाले ते सांग्यासाठी नव्हतं. त्या दिवशी तुम्ही फोनवर खर्चाचं बोललात ते ऐकलं, पण तेवढ्यासाठीही नव्हतं. मी आले आणि तुमचं संध्याकाळी मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जाणं बंद झालं. मला बांधून ठेवल्यासारखे बसता, असं वाटायचं. म्हटलं, सुटतील बिचारे."

"मी दर वेळी हरायचो तिथे," मी म्हटलं.

"तरी."

"आई, मला सुटायचं नाहीय." एवढं बोलून मी समोरच्या काचेकडे बघत राहिलो. मग आठवलं की बघायचं. वळून त्यांच्याकडे बघितलं. कपाळावरची आठी, जी आमच्याकडे आल्यापासून मला त्यांच्या चेहऱ्याचाच भाग वाटत होती, ती नव्हती. "तुम्ही नसलात तर मी संध्याकाळी घरात काय करू? मला आता सवय झालीय."

"मलाही," सासूबाई म्हणाल्या. "मघाशी विचारलं आणि कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा कळलं." मग थोड्या वेळाने, अगदी व्यवहाराच्या आवाजात, "आणि तो वरचा प्लॅन घेऊ नका हं. जाहिराती राहू द्या."

"मला त्यांचा वैताग येतो."

"येऊ दे. त्या गेल्या तर आपण बोलायचं कधी?"

मला हसू आलं आणि मी मोकळेपणाने हसलो. कंपनीचासुद्धा राग येईना. उद्या येईल, पण आज येईना.

सासूबाई म्हणाल्या, तिला फोन लावा, कामात असली तरी लावा. मी लावला आणि आवाज मोठा केला. बायकोने पहिल्या घंटीलाच उचलला, पण हॅलो म्हणाली नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तिच्यामागे इस्पितळातलं कुणाचं तरी खोकणं.

"मी घरी येतेय," सासूबाई म्हणाल्या.

मग बायकोने अगदी बारीक आवाजात विचारलं, "कुठल्या घरी?"

"आपल्या," सासूबाई म्हणाल्या.

बायको इस्पितळाच्या मधोमध मोठ्याने रडायला लागली, आणि मी गाडी सुरू केली.